ओटी टेस्टचा पिवळा रंग: पाण्यातून येणारी साथ गावातच कशी अडते

काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या द्रावणाचा एखादा थेंब टाकायचा आणि दहा सेकंद बघत राहायचं. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही तर पाणी दिसायला कितीही नितळ असो, जंतूंना मारायला त्यात काही उरलेलं नाही. गावोगावचे आरोग्य सेवक याला 'ओटी टेस्ट' म्हणतात. एरवी कुठल्याही तपासणीत 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. इथे मात्र ओटी पॉझिटिव्ह ही चांगली बातमी असते.

गॅस्ट्रो, कॉलरा, विषमज्वर आणि काविळीचे काही प्रकार पाण्यातून पसरतात. साथ आली की आपलं सगळ्यांचं लक्ष प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातल्या खाटांकडे आणि टांगलेल्या सलाईनकडे जातं. जाणारच, माणसं तिथे वाचतात. पण साथ थांबते ती विहिरीवर, टाकीवर, गटारातून गेलेल्या पाइपाच्या जोडापाशी. तिथे काम करणारी माणसं बातमीत दिसत नाहीत आणि त्यांचं काम नीट झालं तर बातमीच होत नाही. हे काम आतून कसं चालतं हे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपलं काय चुकतं आणि कुठे चुकतं, हे तेव्हाच दिसू लागतं.

सुरुवात पावडरीपासून. गावात तिला 'टीसीएल' म्हणतात. कोणी नुसतंच 'औषध' म्हणतं: "आज विहिरीत औषध टाकलंय." ही ब्लिचिंग पावडर. ती पाण्यात मिसळली की क्लोरीन मोकळा होतो आणि त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. हे आम्ल जंतूच्या पेशीत शिरून तिथली कामं चालवणारी विकरं निकामी करतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे आम्ल पुरेसं हवं, आणि दुसरी म्हणजे त्याला वेळ मिळायला हवा. हा वेळ साधारण तासभराचा धरतात. पावडर टाकल्या टाकल्या घागर भरून नेली तर त्या घागरीत क्लोरीनही असतो आणि जिवंत जंतूही.

खरी मेख पुढे आहे. क्लोरीनला कॉलऱ्याचा जंतू कोणता आणि कुजलेलं पान कोणतं हे कळत नाही. चिखल, शेवाळ, पालापाचोळा, शेणामुताचा अंश, जे समोर येईल त्यावर तो खर्च होतो. महिन्याचा पगार हातात आला की आधी वाण्याची उधारी फिटते, मग उरलं तर घरात. पाण्यातली घाण ही अशी उधारी आहे. तिच्यासाठी जितका क्लोरीन खर्ची पडतो त्याला क्लोरीनची 'मागणी' म्हणतात, आणि ती भागून जो हातात राहतो तो 'शिल्लक क्लोरीन'. ओटी टेस्ट ही शिल्लक बघते. किती पावडर टाकली याला फार अर्थ नाही, किती उरली याला आहे. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५ मिलिग्रॅम.

आता गणित करू. एका गोल विहिरीचा व्यास ४ मीटर आहे आणि आज तिच्यात ५ मीटर पाणी आहे. व्यासाचा वर्ग गुणिले ३.१४, गुणिले खोली, भागिले ४. उत्तर येतं ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर. ढोबळ नियम असा की हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. त्या हिशेबाने या विहिरीला सुमारे १५७ ग्रॅम लागेल. चहाच्या डब्यात मावेल एवढीशी.

हा हिशेब स्वच्छ पाण्याचा झाला. जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच विहिरीचं पाणी गढूळलेलं असतं, काठावरचं सगळं आत आलेलं असतं. तिची मागणी किती हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी हॉरॉक्सची पेटी असते. तिच्यात सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचे चमचे, काचेच्या कांड्या आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं. काळ्या कपात एक सपाट चमचा पावडर पाण्यात कालवून खुणेपर्यंत भरायची आणि निवळू द्यायची. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घ्यायचं. वरची निवळी पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं सहापर्यंत टाकायचं. ढवळून अर्धा तास ठेवायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. जिथे क्लोरीन शिल्लक असेल तिथे निळा रंग येतो. निळा झालेला पहिला कप तिसरा असेल तर दर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागणार.

आपल्या विहिरीला हे लावून बघा. ६२,८०० भागिले ४५५ म्हणजे १३८. गुणिले ६ ग्रॅम. झाले ८२८ ग्रॅम. ढोबळ नियमाच्या पाचपटीहून जास्त. त्या दिवशी सवयीने १५७ ग्रॅम टाकणाऱ्या माणसाने कष्ट केले, वहीत नोंदही केली, आणि गावाने मात्र जवळपास बिनऔषधाचं पाणी प्यायलं. दोष आळसाचा नाही, मोजमापाचा आहे. म्हणून साथीच्या दिवसांत 'पावडर टाकली का' या प्रश्नाबरोबर 'पेटी लावली का' हाही प्रश्न विचारावा लागतो.

टाकण्याचीही रीत आहे. पोतं उघडून मूठभर पावडर वरून भिरकावली की ती पाण्यावर पसरते, काही गोळे होऊन तळाला जाते आणि मधलं पाणी कोरडंच राहतं. बरोबर पद्धत अशी: एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग बादली पाऊण भरायची, ढवळून पाच-दहा मिनिटं ठेवायची. तळाशी चुना बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, चुना टाकून द्यायचा, विहिरीत जाऊ द्यायचा नाही. मग ती निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-तिडवी हलवायची. ८२८ ग्रॅमसाठी अशा नऊ बादल्या. पाऊस चालू असताना, निसरड्या काठावर उभं राहून. हे काम शक्यतो रात्री करावं, म्हणजे सकाळी पाणी भरायला येईपर्यंत क्लोरीनला वेळ मिळतो. ग्रामपंचायतीचा जो माणूस हे करतो त्याला आपल्याकडे 'जलसुरक्षक' म्हणतात. नाव मोठं सुंदर आहे. त्या नावाला शोभेल असा मान त्याला गावात मिळतो का, हे ज्याने त्याने आपल्या गावात बघावं.

पावडर चांगली आहे की नाही हा आणखी एक प्रश्न. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडून जातो. ग्रामपंचायतीच्या खोलीत, खिडकीशेजारी तोंड उघडं राहिलेलं पोतं दोन-तीन महिन्यांत पांढरा चुना होऊन बसतं. दिसायला तीच पावडर, वासही थोडाफार येतो, पण ताकद गेलेली. म्हणून टीसीएलचे नमुनेही प्रयोगशाळेत तपासायला पाठवतात आणि क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर पाण्याच्या शुद्धीकरणासाठी वापरू नये असा दंडक आहे. घट्ट झाकणाचा डबा, कोरडी आणि अंधारी जागा, आणि एका वेळी बेताचीच खरेदी एवढं पाळलं तरी ताकद टिकते.

पाण्याचे नमुनेही प्रयोगशाळेत जातात. निर्जंतुक बाटली असते, नळाचं तोंड ज्योतीने शेकून, पाणी थोडा वेळ वाहू देऊन मग ती भरतात आणि थंड ठेवून पोचवतात. तिथे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचा शोध घेतात. त्यातल्या प्रत्येक रोगजंतूला वेगळं शोधणं अवघड असतं, म्हणून माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात हमखास सापडणारे कोलिफॉर्म जंतू बघतात. ते सापडले म्हणजे या पाण्यात मैला कुठून तरी येतो आहे, आणि मैला आला तर त्याच्याबरोबर काहीही येऊ शकतं. गावातच करता येणारी एक सोपी चाचणीही आहे: खास कागदाची पट्टी घातलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेच्या दूषिततेचा संशय. ही युक्ती १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडली आणि पुढे जगभर वापरली गेली. आता जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या निदान पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे.

या सगळ्या चाचण्यांना वेळ लागतो. प्रयोगशाळेतून 'पिण्यास अयोग्य' असा अहवाल येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असतं. ओटी टेस्टचं उत्तर दहा सेकंदांत येतं आणि ते आत्ताच्या पाण्याबद्दल असतं. म्हणून रोजच्या कामात तिला तोड नाही. (हे द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी कधी पिऊ नये, नळी धुऊन ठेवावी. काही ठिकाणी आता त्याऐवजी डीपीडीची गोळी वापरतात, तिचा रंग गुलाबी येतो.)

शिल्लक क्लोरीन एवढा जपायचा कशाला, हे समजण्यासाठी १९५५ सालच्या दिल्लीत जाऊ. त्या वर्षीच्या पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजीराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत येऊन पोचलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या हे लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवला. विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, तेव्हा निभावलं असंच वाटलं असेल. पण काही आठवड्यांनी कावीळ सुरू झाली आणि १९५६ उजाडून थोडे दिवस होईतो सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. वाढवलेल्या क्लोरीनने बॅक्टेरिया मेले होते, विषाणू मात्र घाणेरड्या पाण्यात तगून राहिले. सांभाळून ठेवलेले तेव्हाचे रक्ताचे नमुने पुढे पुन्हा तपासले गेले. १९८० साली हे काम प्रसिद्ध झालं, आणि त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ होते. ही कावीळ तोवर माहीत असलेल्या 'ए' किंवा 'बी' प्रकारातली नव्हती. आज आपण तिला हेपेटायटिस ई म्हणतो. विषाणूसाठी ०.५ मिलिग्रॅमची वेगळी अट का ठेवतात, आणि आधी पाणी गाळून गढूळपणा घालवा मगच क्लोरीन द्या असा आग्रह का धरतात, ते या गोष्टीवरून कळतं. मातीच्या कणाआड लपलेल्या विषाणूपर्यंत क्लोरीन पोचत नाही.

समजा टाकीत सगळं नीट झालं, ओटी पॉझिटिव्ह आहे. तरी घरात गॅस्ट्रो येऊ शकतो. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. सकाळी तासभर येतं, कुठे दोन दिवसांआड. पाणी सुरू असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे फटीतून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि पाइप रिकामा होताना आजूबाजूचं जे असेल ते त्याच फटीतून आत ओढतो. पाइप गटारातून गेला असेल तर काय आत येतं हे सांगायला नको. त्यात आपण नळाला टिल्लू पंप लावतो. हा पंप पाइपात अक्षरशः चूळ भरल्यासारखी ओढ निर्माण करतो. आपल्या टाकीत चार बादल्या जास्त येतात, आणि गल्लीतल्या जुन्या जोडातून गटाराचं पाणी सगळ्यांच्या वाट्याला येतं. ही गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी: टिल्लू पंप हा पाणीचोरीपुरता प्रश्न नाही, तो शेजारच्या लेकराच्या जुलाबाचा प्रश्न आहे.

म्हणून ओटी टेस्ट तीन ठिकाणी घेतात: टाकीपाशी, मधल्या वस्तीत आणि लाइनच्या शेवटच्या टोकाच्या घरी. टाकीपाशी गडद पिवळा आणि टोकाला काहीच नाही, तर मधे कुठेतरी घाण आत येते आहे आणि क्लोरीन तिच्यावर संपतो आहे. साथ यायच्या आधी पाइप स्वतःच असा इशारा देतो.

इशारा हुकला तर पुढचं काम सुरू होतं ते आशाताईच्या डोक्यात. रोज घरोघरी फिरणाऱ्या बाईला गावाचं नेहमीचं आजारपण ठाऊक असतं. एका वस्तीत एकाच दिवशी चार घरांत जुलाब, हे नेहमीचं नाही, हे तिला कुठल्याही संगणकाआधी कळतं. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच झालं तर तो अतिसार, अशी साधी व्याख्या आहे, आणि साथीच्या कामात व्याख्या एकच ठेवणं फार गरजेचं असतं, नाहीतर एका वस्तीत तिघं मोजले जातात आणि दुसरीत तीस. आशाताई उपकेंद्रात कळवते. सपाटीच्या भागात पाच हजार वस्तीला आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजारांना एक उपकेंद्र असं ठरलेलं प्रमाण आहे. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून तालुका, मग जिल्हा. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. त्यात तीन प्रकारे माहिती जमते: नुसत्या लक्षणांवरून गावपातळीवरची, डॉक्टरच्या अंदाजाची आणि प्रयोगशाळेने पक्की केलेली. पूर्वी ती आठवड्याने कागदावर जायची. आता संगणकावर भरतात.

तपासाला आलेलं पथक काय करतं? ऐकायला साधं वाटेल. घरोघर जाऊन कोण, केव्हा, कुठे हे विचारतं. गावाचा नकाशा काढून रुग्णांच्या घरांवर ठिपके देतं. तारखांप्रमाणे रुग्ण मांडतं. एकाच दिवशी वीस जण आणि सगळे आदल्या दिवशीच्या लग्नाच्या पंगतीतले, तर संशय जेवणावर. पंगतीला न गेलेली लहान मुलंही आजारी, पण सगळी एकाच व्हॉल्व्हच्या खालच्या गल्लीतली, तर संशय त्या लाइनीवर. गावात दोन विहिरी आणि रुग्ण एकाच विहिरीवरचे, तर उत्तर जवळजवळ मिळालंच. प्रतिजैविक देण्याआधी शौचाचे नमुने घेतात, नाहीतर जंतू सापडत नाही. अहवालाची वाट मात्र बघायची नसते. संशयित विहीर त्याच दिवशी बंद, टँकर किंवा दुसरा स्रोत सुरू, पावडर, घरोघर ओआरएस.

ओआरएसबद्दल थोडं थांबून. अतिसारात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र दिलं की आतडं साखरेबरोबर मीठ आणि त्यांच्यामागून पाणी शोषून घेतं, जुलाब चालू असतानाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे पाणी माणसांना प्यायला दिलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्याने उतरले. तरी आजही घराघरांत 'जुलाब लागलेत, पाणी देऊ नका' असं सांगणारं कोणीतरी असतं. द्या. एका लिटरची पुडी पूर्ण एका लिटरमध्ये विरघळवा, पेलाभर पाण्यात अर्धी पुडी अंदाजाने नको. मुलाला घोट घोट पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा, सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर क्षणभरही न थांबता दवाखाना.

काविळीचा तपास वेगळा आणि जास्त अवघड. कॉलऱ्याचा जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणजे कालचं-परवाचं पाणी तपासलं तरी चालतं. हेपेटायटिस ई मात्र दोन ते दहा आठवडे दबा धरतो. आज डोळे पिवळे झाले तर दोष महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्यात होता. आज घेतलेला नमुना स्वच्छ निघू शकतो. लोक म्हणतात, "अहवाल तर चांगला आलाय, मग पाण्याचा काय संबंध?" संबंध आहे, फक्त मागच्या महिन्याच्या नोंदवहीत शोधायला हवा: पाइप कधी फुटला, पावडर कोणत्या दिवशी संपली, ओटी कोणत्या तारखेला निगेटिव्ह होती. नोंदवही रोज आणि खरी भरायची ती यासाठी. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली तेव्हा पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा महाराष्ट्रभर झाली होती. हा आजार बहुतेकांना सोडून जातो, पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जीवघेणा ठरू शकतो. साथ लागलेल्या गावात आरोग्य सेविका आधी गरोदर बायकांची यादी घेऊन निघते ती म्हणूनच.

आणखी लांबून येणारा इशारा पुण्याने २०२५ च्या जानेवारीत पाहिला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले आणि पुढच्या आठवड्यांत परिसरातल्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही. एखादा संसर्ग होऊन गेल्यावर, साधारण एक ते तीन आठवड्यांत, शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि पायांपासून वर वर अशक्तपणा चढत जातो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारांत एकाला जीबीएस होतो असं मानतात. आता उलटं गणित करा. जीबीएसचे इतके रुग्ण एका भागात दिसत असतील तर त्याआधी पोटाच्या संसर्गाची केवढी मोठी लाट येऊन गेली असेल, जी कोणी मोजलीच नाही. दोन दिवस पोट बिघडलं, मेडिकलमधून गोळी आणली, बरं वाटलं. शहराच्या कडेला वाढत जाणाऱ्या वस्तीत हे असंच होतं. गाव संपलेलं असतं, शहराचं शुद्धीकरण केंद्र अजून पोचलेलं नसतं, आणि घरोघर फिरणारी आशाताईही तिथल्या सोसायटीच्या फाटकापाशी अडवली जाते.

ग्रामपंचायतीचं प्रगतिपुस्तकही असतं, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्य खातं गावातल्या पाण्याच्या प्रत्येक स्रोताची स्वच्छता पाहणी करतं. विहिरीला कठडा आहे का, काठावर कपडे धुतात का, जवळ उकिरडा किंवा शौचखड्डा आहे का, पाइपाला गळती आहे का, पावडरीचा साठा आहे का. त्यावरून जोखीम ठरते. ७० टक्के किंवा जास्त जोखमीला लाल कार्ड, ३० ते ६९ ला पिवळं, त्याखाली हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. बोअरवेलपासून पंधरा पावलांवर शौचखड्डा असेल तर कितीही पावडर टाका, जोखीम तिथेच राहते. विहीर स्वच्छ राहिली तर पावडरीला उधारी कमी फेडावी लागते.

ही जबाबदारी एकट्या आरोग्य खात्याची नसते, हे मेळघाटने कडवटपणे दाखवलं. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं आणि कॉलऱ्याने माणसं गेली. नळयोजनेची वीज तोडलेली होती, असं तेव्हा पुढे आलं. विजेचं बिल थकलं की त्याचा हिशेब महावितरणच्या वहीत राहत नाही, तो दवाखान्यातल्या खाटेपर्यंत जातो. मला या विषयात सर्वात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. पावडर, पेटी, गोळी, पुडी सगळं स्वस्त आहे आणि सगळं माहीत आहे. तरी एक तुटलेली तार गावाला पुन्हा उघड्या विहिरीवर नेते.

क्लोरीनच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पाण्यातला फ्लोराइड किंवा खतांमधून उतरलेला नायट्रेट त्याने जात नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत दात आणि हाडं बिघडवणारा फ्लोराइड पाणी उकळूनही तसाच राहतो, आटल्यामुळे थोडा दाटच होतो. तिथे स्रोतच बदलावा लागतो. जंतूंसाठी मात्र उकळणं पक्कं: पाणी खदखदू लागल्यावर निदान एक मिनिट. इंधन परवडत नसेल तर क्लोरीनची गोळी. नागपूरच्या नीरी संस्थेने बनवलेली अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटरला पुरते. टाकल्यावर अर्धा-एक तास थांबायचं. 'वास येतो' म्हणून पाणी ओतून देणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्यांचा रागही येत नाही, तो वास खरंच नकोसा वाटतो. पसरट भांड्यात झाकून ठेवलं, किंवा दोन भांड्यांत वरखाली ओतलं, की वास बराच उतरतो. आणि इतकं करून माठात हात बुडवून पेला भरला तर सगळं पाण्यात. लांब दांड्याचं ओगराळं, नाहीतर तोटीचा माठ.

पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत चार गोष्टी विचारता येतात. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे. हातातल्या टीसीएलचा तपासणी अहवाल कधीचा आहे. नळयोजनेचं वीजबिल भरलं आहे का. आणि ओटीची वही बघायला मिळेल का. वही मिळाली तर तिच्यात शेवटच्या टोकाच्या घराचा रकाना बघा. रोज तोच 'पॉझिटिव्ह' एकाच पेनाने, एकाच दिवशी बसून भरल्यासारखा दिसत असेल, तर जलसुरक्षकाला दम देण्याआधी त्याच्याकडे द्रावणाची बाटली आहे का ते विचारा. बऱ्याचदा ती महिन्यापूर्वीच संपलेली असते.